लठ्ठ्यातला खिळा

मला तिथं सगळे मिस्त्री म्हणत, आणि ती हाक ऐकली की दुसरंच कुणी आलं का म्हणून मी मागं बघायचो. मी मिस्त्री नव्हतो. कृष्णेकाठच्या खेड्यातला, चौथी अर्धवट सोडून गुऱ्हाळाच्या इंजिनावर कामाला लागलेला माणूस. तेल घालता घालता इंजिन उघडायला आणि पुन्हा जोडायला शिकलो, एवढीच माझी विद्या. गुऱ्हाळवाल्यानं ते इंजिन चांदा जिल्ह्यातल्या एका लाकूडव्यापाऱ्याला विकलं, तेव्हा ते बसवून द्यायला मला सोबत पाठवलं. मी एकविशीत होतो. पंधरा दिवसांत परत यायचं होतं. पंधराव्या दिवशी मी हिवतापानं फणफणत त्याच्या लाकूड चिरायच्या गिरणीच्या पडवीत पडलो होतो.

मालकानं, म्हणजे त्या लाकूडव्यापाऱ्यानं, मला जगवलं, हे आधी सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणी त्याला नुसता राक्षस समजेल म्हणून. क्विनीनच्या गोळ्या त्यानं चांद्याहून मागवल्या. माझी ओकारी स्वतः पुसली. त्याच्या बायकोनं महिनाभर तांदळाची पेज पाजली. मी उठून बसलो तसं तो म्हणाला, "अब कहाँ जाता है? राह इथंच. इंजिन तुलाच ओळखते." आईला कार्ड टाकलं की काम लागलं आहे, काळजी करू नये. काळजी मीच करत होतो. इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. मी त्यातली चित्रं बघून नट फिरवायचो, आणि हे मालकाला कधीतरी कळेल या भीतीनं ते उशाखाली ठेवायचो.

गिरणी मूलहून सिंदेवाहीकडं जाणाऱ्या रस्त्याला होती. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाणार हे नक्की झाल्यावर मालगुजारांनी आपल्या हद्दीतली झाडं घाईनं विकायला काढली होती. जंगलातला साग येतच होता. आता गावांच्या शिवेवरचा, देवळामागचा सागही गाड्यांवरून येऊ लागला. अंगणात लठ्ठ्यांची, अख्ख्या ओंडक्यांची, रास पडली. हातानं चिरणारे आरेवाले काही पुरे पडेनात.

हाताचं काम असं: उंच घोडीवर लठ्ठा चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली. मध्ये पुरुषभर लांबीचा आरा. खालचा ओढतो, वरचा आरा वर खेचतो आणि काजळीनं आखलेल्या रेघेवर ठेवतो. आमच्या गोल आऱ्याचं तसं नव्हतं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी छातीएवढी पोलादी चकती. सुरू झाली की दात दिसत नसत, हवेत नुसती एक धुरकट कड दिसायची आणि कानात खिळे ठोकल्यासारखा आवाज. पहिल्याच महिन्यात एका मजुराची दोन बोटं गेली. ती भुश्यात पडली आणि कुणी शोधली नाहीत, कारण मालक ओरडत होता, पट्टा उतरवू नका, लठ्ठा अर्ध्यात आहे. माणूस हात काखेत दाबून बाजूला बसला. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला.

त्या भागात आरेवाल्यांची एक जोडी नावाजलेली होती. दोघे सख्खे भाऊ. थोरला वर, धाकटा खाली. थोरल्याला सगळे भाऊच म्हणत, मीही म्हणायचो. पन्नाशीचा, बुटका, खांदे बैलासारखे. मशीन आलं आणि चार महिन्यांत धाकट्यानं त्याची जोडी सोडली. आमच्याकडे लठ्ठे ढकलायला आला. ज्या दिवशी आला त्याच दिवशी थोरला फाटकातून आत शिरला आणि सगळ्यांसमोर त्यानं भावाच्या तोंडात मारली. धाकट्याचा ओठ फुटला.

"लाज नाई वाटत? मी वर एकटा काय हवा चिरू?"

धाकटा रक्त थुंकून म्हणाला, "दादा, आपला आरा दिवसभरात दोन लठ्ठे चिरते. हा पाह्य, बिडी संपायच्या आत एक. तुह्यासंग राहून माहे लेकरं भुसा खातीन काय?"

"खातीन. पन हातपाय सलग राह्यतीन त्याईचे."

"जाय ना बे दादा, घरी जाय."

मजूर हसले. थोरल्यानं जवळचा लाकडाचा ओंडा उचलला होता, तो टाकला आणि निघून गेला. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं तुटलं.

थोरला यायचा मात्र थांबला नाही. सकाळी चुलीसाठी साली वेचायच्या निमित्तानं यायचा आणि लठ्ठ्यांमधून हिंडायचा. साल चाचपायचा, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायचा, लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर थुंकी लावून पाहायचा. एकदा त्यानं मला एक लठ्ठा बाजूला काढायला लावला. फोडून पाहिला तर आत हाताच्या वितीएवढा खिळा; तो लागला असता तर चकती फुटली असती. दुसऱ्यांदाही तसंच सांगितलं. आम्ही अर्धा दिवस घालवून तो लठ्ठा पाचर मारून फोडला, आत काही निघालं नाही. चांगला साग जळणाला गेला. मालक संतापला. "उद्या म्हणेल झाडात साप आहे! याचा धंदा बसला म्हणून हा मशीन बंद पाडायला निघाला आहे. मिस्त्री, आजपासून त्याचं ऐकायचं नाही. समझा?"

समजलं होतं. ज्याच्या गोळ्यांनी मी जिवंत होतो त्याचं न ऐकून कुणाचं ऐकणार?

तो दिवस माघातला. सकाळचं दव लठ्ठ्यांवर होतं. मी इंजिन तापवत होतो. भाऊ माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, तो तिसरा लठ्ठा चढवू नोको. येच्यात लोखंड हाय."

"कशावरून?"

"शिवेवरचा हाय तो. गावात ताप आला का पुजारी शिवेवरच्या झाडात खिळा मारते, रोग तिथी बांधून टाकते. मंग साल वाढते, खिळा आत गडप. हे पाह्य." त्यानं कापलेल्या तोंडावर नख ठेवलं. नखाएवढी निळसर काळी रेघ होती. मला ती दिसली. हे इतक्या वर्षांनी लिहितानाही स्वतःशी खोटं बोलता येत नाही, मला ती दिसली होती.

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नोको म्हनू. लोटून दे बाजूले." मग खालच्या आवाजात म्हणाला, "ढकलाले तोच उभा राह्यते ना." म्हणजे धाकटा. त्याच्याशी बोलता येत नव्हतं म्हणून तो मला सांगत होता.

तेवढ्यात मालकानं हाक मारली. स्टेशनवर लहान रुळांच्या गाडीचा मालडबा लागला होता, फळ्या दुपारपर्यंत भरायच्या होत्या. पहिला लठ्ठा गेला, दुसरा गेला. तिसरा चढवताना मजुरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, माझ्याकडं पाहायचं कारणच त्यांना नव्हतं. मी मान खाली घालून पट्ट्याला राळ लावत राहिलो. मागच्या खेपेला काही निघालं नव्हतं, एवढंच मनाला सांगत होतो.

आवाज आला तो लाकडाचा नव्हता. ठिणग्यांचा फवारा उडाला आणि चकती फुटली. एक तुकडा छपराचा पत्रा फाडून वर गेला. एक खांबात रुतला. तिसरा धाकट्याच्या मांडीत, अगदी जांघेशी, शिरला. तो खाली बसला. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय झालं बे?" आणि मग धोतरातून रक्ताची अशी धार लागली की भुश्याला ती पिता येईना. मी धावत जाऊन दोन्ही तळहात त्या जागी दाबले. रक्त गरम होतं, बोटांमधून वर येत होतं. इंजिन मागं मोकळं भडभडत होतं आणि तुटलेल्या चकतीचा उरलेला भाग वेडावाकडा गरगरत होता. कुणीतरी काठीनं पट्टा पाडला.

त्याला बैलगाडीत घातलं. मूलला दवाखाना होता. मी गाडीवर चढणार तोच मालकानं माझी कॉलर धरून मला खांबावर आपटलं.

"काय केलंस? नयी चकती होती! काय केलंस तू?"

मी जे बोललो ते खरं सांगायला नव्हे, स्वतःला वाचवायला बोललो. "माझी चूक नाही मालक! भाऊनं सकाळीच सांगितलं होतं, ह्या लठ्ठ्यात लोखंड आहे म्हणून!"

मालकाचा हात सुटला. त्याचा चेहरा शांत झाला, आणि तो शांतपणा मला जास्त भीतीचा वाटला. "सकाळीच सांगितलं?" तो म्हणाला. "त्याला कसं माहीत?"

ज्याला ठाऊक होतं त्यानंच खिळा ठोकला, एवढा सरळ हिशेब होता मालकाचा. भावानं जोडी सोडली, भर अंगणात भांडण झालं, सगळ्यांनी पाहिलेलं.

आऱ्याचा आवाज मधेच बंद पडलेला ऐकून भाऊ पळत आला होता. गाडीच्या चाकावर त्याचा पाय होता. मालकानं त्याला केसांना धरून खाली ओढलं. गाडी हाकलायला सांगितली. भाऊ तिच्यामागं धावला तसं मालकानं लठ्ठे उलटायची पहार उचलली आणि त्याच्या उजव्या हातावर घातली. कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भाऊ गुडघ्यावर पडला आणि गाडी गेली त्या दिशेला बघत राहिला. मालकाच्या दोन गाडीवानांनी त्याला खांबाला बांधलं. एक माणूस सायकलवरून मूलच्या ठाण्यावर गेला. वीस-पंचवीस मजूर उभे होते, एकानंही जागा सोडली नाही. मीही नाही.

"भावाच्या जिवावर उठलास," मालक म्हणाला. "तो गेला तर फाशीच होते तुला."

"खिळा नवा असन तं देजा फाशी," भाऊ म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "जुना असन तं लाकूड सांगन. चिरून पाहा."

"कशानं चिरू? तूच फोडलंस ना?"

भाऊची बायको तोवर आली होती. उंच, काटक बाई. नवऱ्याच्या लोंबत्या हाताकडं तिनं एकदा पाहिलं, मग मालकाकडं. "तुमच्या मशीनचे दात पडले मालक, आमच्या आऱ्याचे नाई पडले. आनू काय?"

मालकाला खात्री होती की खिळा नवाच निघणार, आणि हवालदार यायच्या आत तो हाती असला तर बरंच. "आण," तो म्हणाला.

तिनं खांद्यावर आरा आणला. मजुरांनी लठ्ठा घोडीवर चढवला. चकती जिथवर गेली होती तिथं खिळ्याचं नुकतं घासलं गेलेलं टोक चकाकत होतं. त्याच्या बाजूनं, बोटभर अंतर सोडून उभं चिरायचं होतं, म्हणजे खिळा उभाच्या उभा उघडा पडला असता. तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि वर चढली. दीर आजारी असला की ती नवऱ्याबरोबर चिरायची, हे मला तेव्हा कळलं.

"खाली कोन येते?"

सगळे मालकाकडं बघायला लागले. मी पुढं झालो. माझे हात अजून लाल होते.

"तू?" ती वरून म्हणाली. "तूच मालकाले सांगतलं ना?"

"हो."

"ये मंग."

मी आयुष्यात कधी आरा धरला नव्हता. पहिल्या ओढीला खांदा निखळतो की काय असं झालं. भुसा डोळ्यांत, नाकात, तोंडात. खांबाला बांधलेला भाऊ मला सांगत होता, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, कामाचा आवाज होता तो. "हात तानू नोको, पाठीनं ओढ. वर नेताना जोर देऊ नोको, बाई नेते ना वर. आता डावीकडं जाऊन राह्यला तू. बाई, वाट दाखव त्याले." तळहाताची कातडी सोलली. माझं रक्त आणि धाकट्याचं रक्त मुठीवर एक झालं. मी थांबलो की ती वरून टाच आपटायची. "ओढ! हिवाळा संपवतं काय?"

अर्ध्याच्या पुढं आरा गेला असेल. ती वर उंचावर, तिला रस्ता दिसत होता. आरा एकाएकी थबकला. मी वर पाहिलं. ती मूलच्या बाजूला बघत होती.

"आला परत," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. एवढ्यात गाडी परत कशी येईल? मूल गाठायलाच दुपार झाली असती. मग मला कळलं, की गाडी परत का येते: दवाखान्यात न्यायला आता कुणी उरलं नव्हतं.

"कोन आला?" भाऊनं विचारलं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "तुमी रेघ सांगा," ती म्हणाली. "ओढ, मिस्त्री."

मी ओढलं. गाडी फाटकातून आत आली तेव्हाही आम्ही ओढत होतो. गाडीवान खाली उतरून उभा राहिला, डोक्यावरचा फडका त्यानं काढून हातात घेतला. भाऊनं ते पाहिलं. त्यानं डोळे मिटले आणि मिटूनच म्हणाला, "थोडं राह्यलं आता. सरळ येऊ दे."

फळी सुटून खाली पडली. तिच्या पाठीवर पाचर मारली तसा लाकडाचा पातळ पापुद्रा निघाला आणि खिळा उघडा पडला. गंजून काळा. आजूबाजूचं लाकूड शाईसारखं निळंकाळं झालेलं. खिळ्याच्या डोक्यावरून सागाच्या वर्षावर्षाच्या रेषा वळसा घालून गेल्या होत्या, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि त्यांच्यावर सलग साल. कुणा पोराचा ताप त्या खिळ्यात बांधला असेल, तर ते पोर आता लग्नाचं झालं असेल.

मालक खिळ्यावर वाकला. बोट फिरवून पाहिलं. मग त्यानं स्वतः भाऊच्या दोरीची गाठ सोडली. वळला आणि माझ्या कानाखाली एवढ्या जोरात वाजवली की मी भुश्यात पडलो.

"सांगितलं होतं तुला! मग थांबवलं का नाहीस?"

ती थप्पड मला पटली. त्या दिवशी अंगणात पडलेल्या सगळ्या मारांत तेवढीच एक जागेवर पडली होती.

"त्याले नोका मारू," भाऊ म्हणाला. "तुमीच सांगतलं होतं त्याले, माहं आयकू नोको म्हनून." आणि तो हात पोटाशी धरून गाडीकडं गेला. हवालदार आला तेव्हा मालकानंच त्याला खिळा दाखवला आणि काय घडलं ते सांगितलं, पहारीचंसुद्धा. भाऊनं तक्रार लिहून दिली नाही. का, ते मला आजही ठाऊक नाही.

वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हात वाकडाच बसला. आरा धरायला तो पुन्हा उपयोगाचा राहिला नाही. नवीन चकती आली, बसवली, इंजिन सुरू केलं, आणि एकही मजूर लठ्ठ्याला हात लावेना. भाऊनं पास केल्याशिवाय लठ्ठा चढवणार नाही, म्हणाले. मालक ओरडला, मग बसून राहिला, मग तिसऱ्या दिवशी मला भाऊच्या घरी पाठवलं.

मला वाटलं होतं बाई मला दारातून हाकलेल. तिनं पाट दिला. भाऊनं ऐकून घेतलं.

"मशीनसाठी नाई येत मी," तो म्हणाला. "तिथी ढकलनारे पोट्टे आपलेच हायेत. पन माहं एक आयक. मी चुकतो. मागं चुकलो होतो, तू पाह्यलं. एकट्याच्या हातावर नाई चालत हे. जो पट्टा चढवते त्याले आलं पायजे."

म्हणून मी शिकलो. दोन महिने तो अंगणात माझ्याशेजारी बसायचा. सालीवरची बुजलेली खळी, ठोकल्यावर मधेच बसणारा आवाज, तोंडावरची रेघ, पावसानं पडलेला डाग आणि लोखंडानं पडलेला डाग. चुकलो की डाव्या हातानं पाठीत गुद्दा घालायचा. इंग्रजी पुस्तकाची मला जेवढी धास्ती होती तेवढी त्या लठ्ठ्यांची वाटायची, पण लठ्ठे वाचायला मला कुणीतरी शिकवत होतं. तोवर एवढा धीर माझ्यावर कुणी खर्चला नव्हता. त्या दोन महिन्यांत तो पाहायचा, मी पाहायचो, मग लठ्ठा चढायचा.

एका सकाळी शिवेवरचा एक मोठा साग आला. मी तोंडाजवळ बसलो. ठोकला, चाचपला, उलटवून पुन्हा ठोकला. भाऊ लांब उभा होता. त्यानं त्या लठ्ठ्याला हात लावला नाही, हे मी नीट पाहिलं होतं.

"लोखंड हाय का नाई?" त्यानं विचारलं.

मी पुन्हा एकदा वाकलो. "नाही."

"पक्कं?"

"मला दिसत तर नाही भाऊ."

"मंग चालव." आणि ढकलायच्या जागी उभ्या असलेल्या मजुराला त्यानं खांद्यानं बाजूला सारलं आणि स्वतः तिथं उभा राहिला, जिथं धाकटा उभा राहायचा तिथं. वाकडा हात छातीशी, डावा हात लठ्ठ्यावर. मालक कचेरीच्या दारात येऊन उभा होता. मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही एकदा बघा ना."

"बघतो नोको म्हनू," तो म्हणाला. "चालव."

मी पट्टा चढवला. चकतीची धुरकट कड दिसायला लागली, आणि त्यानं लठ्ठा ढकलला. मी त्याच्या हाताकडं बघत होतो, लाकडाकडं नाही. लठ्ठा शेवटपर्यंत गेला. फळी पलीकडं पडली. भाऊ तिथून हलला नाही, मान वळवून मला म्हणाला, "दुसरा पाह्यला काय?"